दुखणे मानेचे, फोटो डोक्याचा

बल्लारीतला तिशीचा एक कामगार २०२४ मध्ये केस कापायला सलूनमध्ये गेला. कटिंग झाली, चंपी झाली आणि शेवटी कारागिराने रिवाजाप्रमाणे त्याची मान झटक्यात मोडून दिली. घरी गेल्यावर त्याचे बोलणे अडखळू लागले, शरीराची एक बाजू लुळी पडली. मेंदूला रक्त पुरवणारी मानेतली कॅरोटिड धमनी आतून फाटली होती. बातमी चार दिवस मोबाइलवर फिरली आणि विरली. छत्रपती संभाजीनगरच्या सलूनमधल्या खुर्च्यांवर माना पूर्वीसारख्याच कडकड वाजत राहिल्या.

ही सवय बंद झाली पाहिजे, याबद्दल दुमत नको. महापालिकेने सलूनचालकांच्या संघटनांना बोलावून एकदा समजावून सांगितले, तरी बराच फरक पडेल. पण सगळे खापर कारागिराच्या माथी फोडून मोकळे होणे सोयीचे असले, तरी बरोबर नाही. मान वळवण्याचे उपचार आणि धमनी फाटणे यांचा संबंध आढळतो, मात्र कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात म्हटले होते. त्यातली मेख अशी, की धमनी फाटण्याची पहिली खूण बहुतेकदा मानदुखीच असते आणि मान दुखते म्हणूनच माणूस ती मोडून घ्यायला जातो. झटक्याने धमनी फाटली, की आधीच फाटलेल्या धमनीला झटका बसला, हे मागाहून ठरवणे अवघड असते. जोराचा खोकला, शिंक, पार्लरच्या बेसिनवर बराच वेळ मागे टाकलेली मान, दुचाकीवर खड्ड्यात बसलेला हिसका, एवढे किरकोळ निमित्तही पुरते. कित्येकदा निमित्त सापडतच नाही.

मानेत पुढे दोन कॅरोटिड आणि मागे मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल, अशा चार धमन्या मेंदूला रक्त पुरवतात. गोधडीचे अस्तर उसवावे आणि दोन कापडांच्या मध्ये हात शिरावा, तसे धमनीच्या आतल्या थराला चीर पडली, की रक्त भिंतीच्या थरांत घुसते. भिंत फुगते, वाट अरुंद होते, तिथे गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकला, की अर्धांगवायू. रक्तपुरवठा अडून येणाऱ्या एकूण झटक्यांत या कारणाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. वयाच्या पन्नाशीआतल्या रुग्णांत मात्र तो दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे हा कमावत्या, धडधाकट वयाचा आजार. पाश्चात्त्य देशांत वर्षाला लाखामागे सुमारे तीन रुग्ण सापडतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख होती. तोच दर इथे धरला, तर वर्षाला शंभरेक रुग्ण. ते शंभर जण कोणत्या नावाच्या आजारावर औषध घेत असतील? बहुधा स्पॉन्डिलायसिस, मायग्रेन, ॲसिडिटी आणि ‘मणक्यात गॅप’.

याचे कारण या आजाराची लक्षणे फसवी आहेत. कॅरोटिड फाटली तर मानेच्या पुढच्या बाजूला, जबड्यात किंवा एका डोळ्याभोवती दुखते. रुग्ण दाताच्या डॉक्टरकडे जातो. त्याच बाजूची पापणी थोडी उतरते, बाहुली बारीक होते. डोळ्याला जाणारे मज्जातंतू या धमनीच्या अंगालाच लपेटून वर जातात, म्हणून धमनी फुगली की ते दबतात. बाहुल्यांमधला फरक भर उजेडात कळत नाही, खोलीत अंधार केला की उठून दिसतो. त्यासाठी लागते ती फक्त टॉर्च, आणि ती वापरण्याची इच्छा. काहींना एका कानात नाडीच्या ठेक्यावर ‘सूं-सूं’ ऐकू येते; कानाचा डॉक्टर पडदा तपासतो, तो शाबूत असतो. कोणाची जीभ बाहेर काढताना एका बाजूला वळते. कोणाच्या तोंडाची चव जाते, आवाज बसतो. कोणाला एका डोळ्याने क्षणभर दिसेनासे होते आणि पुन्हा दिसू लागते, म्हणून तो गप्प बसतो.

व्हर्टिब्रल धमनीची तऱ्हा आणखी निराळी. मान मागच्या बाजूने धरते, गरगरते, ओकाऱ्या होतात. ‘पित्त झाले’ म्हणून सलाइन लागते. लहान मेंदूच्या लगतच्या मेंदूस्तंभाला इजा पोहोचली, तर उचकी थांबत नाही, घास उतरत नाही, चेहऱ्याची एक बाजू बधिर आणि धडाची दुसरी. अंघोळीचे पाणी एकाच अंगाला गरम लागते, असे एखादी बाई सांगू लागली, तर तिची रवानगी मानसोपचाराकडे व्हायची शक्यताच जास्त. प्रत्यक्षात तिने मेंदूतल्या इजेची जागा जवळजवळ बोट ठेवून दाखवलेली असते.

दुखणे सुरू होणे आणि झटका येणे यांत काही तास, काही दिवस, क्वचित काही आठवडेही जातात. एवढा अवधी देणारे आजार थोडे. आपण तो घालवतो तो एका चिठ्ठीपायी. अपघात विभागातून तरुण रुग्ण सीटी स्कॅनला जातो, तेव्हा चिठ्ठीवर लिहिलेले असते ‘ब्रेन प्लेन’. मशीन डोक्याचा फोटो काढते आणि कवटीच्या तळाशी थांबते. चीर त्याखाली, मानेत असते. अहवालावर ‘नॉर्मल’ येते, नातेवाईक निश्चिंत होतात, मानेला पट्टा बांधून रुग्ण घरी जातो. हवी असते ती सीटी अँजिओग्राफी. त्यात शिरेतून औषध देऊन छातीतल्या महाधमनीपासून डोक्यापर्यंतच्या रक्तवाहिन्या काही मिनिटांत पाहता येतात. एमआरआयमध्ये मानेचा चरबी दाबून घेतलेला टी-१ छेद मागवला, तर भिंतीत साकळलेले रक्त चंद्रकोरीसारखे पांढरे चमकते. नुसत्या डॉपलरवर विसंबता येत नाही. व्हर्टिब्रल धमनी मणक्यांआड असल्याने ती त्यातून निसटू शकते.

अपघातातल्या जखमींनाही हेच लागू आहे. जालना रोड असो की समृद्धी महामार्ग, मोडलेला हात-पाय सगळ्यांना दिसतो. मानेचा मणका, कवटीचा तळ किंवा चेहऱ्याचे हाड मोडले असेल, तर मानेतल्या धमन्याही पाहाव्यात, असे सांगणारे डेन्व्हर निकष जगभर वापरात आहेत. चेंडू मानेवर बसून ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज २०१४ च्या नोव्हेंबरात गेला, तो व्हर्टिब्रल धमनी फाटून मेंदूभोवती झालेल्या रक्तस्रावानेच. तिथल्या क्रिकेट मंडळाने पुढे, २०२३ मध्ये, वेगवान गोलंदाजी खेळताना मान झाकणारे कवच सक्तीचे केले. नऊ वर्षे लागली, पण केले.

वेळेत कळले, तर उपचार परवडण्याजोगे आहेत. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ‘कॅडिस’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी जोरकस औषधे यांत लक्षणीय फरक आढळला नाही. २५० रुग्णांपैकी तीन महिन्यांत झटका आला तो चौघांना. बहुतेक धमन्या तीन ते सहा महिन्यांत भरून येतात. झटका आलाच, तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते आणि मानेतली धमनी फाटली आहे एवढ्यावरून ते नाकारायचे कारण नसते. मात्र हे वाचून कोणी घरच्या घरी ॲस्पिरिन सुरू करू नये. ह्यूजच्या बाबतीत झाला तसा रक्तस्राव असेल, तर तीच गोळी जिवावर बेतेल.

प्रत्येक मानदुखीची अँजिओग्राफी करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मोबाइल आणि दुचाकीच्या या शहरात तसे केले, तर यंत्रे बंद पडतील आणि रुग्ण कर्जबाजारी होतील. आजवर कधी झाले नाही असे एकाच बाजूचे दुखणे अचानक उद्भवले आणि सोबत पापणी, बाहुली, जीभ, बोलणे, तोल, गिळणे यांतले काहीही बिघडले, तर मात्र थांबू नये, एवढेच. अशा वेळी मालिश नको, झटका नको, पट्टाही नको. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

जालना, बीड, परभणी, हिंगोलीच नव्हे, तर बुलढाणा आणि जळगावचे रुग्णही घाटीच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, दारात येतात. पंतप्रधान स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून तिथे सुपरस्पेशालिटीची इमारतही उभी राहिली. म्हणून पहिले पाऊल घाटीनेच टाकावे. पन्नाशीच्या आतल्या अशा रुग्णासाठी अपघात विभागात एका पानाचा लेखी नियम लावावा, त्याच्या सीटीच्या चिठ्ठीवर डोक्यासोबत मानही लिहिली जाईल हे पाहावे आणि वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठणच्या सरकारी रुग्णालयांना तेच पान पाठवावे. रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाची सीटी अँजिओग्राफी त्याच रात्री होते की सकाळची वाट पाहावी लागते, हे अधिष्ठात्यांनी जाहीरपणे सांगावे. होत नसेल, तर ती कधीपासून होईल, त्याची तारीखही द्यावी.