मोफत तपासणी की संशोधन? सहीआधी विचारा!

‘शहरात एमआरआय फुकट काढून देतात’ असे पिशोरसारख्या गावात कोणी सांगितले तर कोणाचेही पाय तिकडे वळतील. कंबर धरून, डोके धरून छत्रपती संभाजीनगर गाठायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी. खासगी केंद्रात वर काही हजार रुपये, नाहीतर घाटीत नंबर लागण्याची वाट पाहणे. अशा माणसाला फुकट म्हटल्यावर तो नाही कशाला म्हणेल? पण एमआरआय उपचारासाठीच काढतात असे नाही, तो संशोधनासाठीही काढतात. हा फरक आपल्या वस्त्यांना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा संशोधनाला विरोध नाही. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे अनुयायी विज्ञानाला विरोध कसा करतील? पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांच्या एमआरआयचा तौलनिक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आपली बाळे वजनाने कमी भरली, पण त्यांच्या पोटातली चरबी गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघाली! दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसाला मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे हाती लागतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून निरोगी तान्ह्या बाळाचाही असा अभ्यास करता आला. आमची शरीरे मोजलीच नाहीत तर लंडनचे माप आमच्या अंगाला लावले जाईल. तेव्हा बहुजन माणूस संशोधनात आलाच पाहिजे. फक्त तो नागरिक म्हणून येणार की कच्चा माल म्हणून, एवढाच प्रश्न आहे.

मराठवाड्याने हा प्रश्न जवळून पाहिला आहे. तो अभ्यास एमआरआयचा नव्हता, पण मुद्दा हाच होता. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना रोगाची माहिती दिली गेली, तपासणी मात्र नाही. २००९ साली निष्कर्ष आले तेव्हा या चौथ्या गटात त्या कर्करोगाने ६४ मृत्यू नोंदले गेले होते. एचपीव्ही चाचणीसाठी निवडलेल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत ३४. जगाला या आकड्यांचा उपयोग झाला, हे मान्य. पण आपण चौथ्या गटात आहोत आणि त्याचा अर्थ काय, हे त्या खेड्यातल्या बाईला कितपत कळले होते? यावर पुढे देशात आणि परदेशात मोठा वाद झाला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनी औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद केली. नुसत्या स्कॅनचा अभ्यास औषधाची चाचणी ठरत नाही, पण तो मोकाटही नाही. त्याला आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. माहितीपत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत हवे. वाचता येत नसेल तर अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च देता येतो. नाही म्हणण्याचा आणि मधूनच बाहेर पडण्याचा हक्क आहे, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

एमआरआयचे चुंबक साधे नसते. यंत्र फोटो काढत नसले तरी ते चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि मरण पावला. म्हणून वाळूजच्या कारखान्यात ग्राइंडरवर काम करणाऱ्या पोराने डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे न विचारता सांगावे. हाडात सळई असेल, पेसमेकर असेल तर तेही. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देणार का, हे विचारावे. मूत्रपिंड अधू असणाऱ्यांना त्यापासून धोका असतो.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच आहे. संशोधकाला पाहायचे होते एक आणि मेंदूत गाठ दिसली तर? ती तुम्हाला कोण सांगणार, किती दिवसांत, आणि उपचाराला कुठे पाठवणार? हे सहीच्या आधी कागदावर हवे. उलट, काही कळवले नाही म्हणजे आपण ठणठणीत, असेही समजू नये. संशोधनाचा स्कॅन रोग शोधण्यासाठी काढलेला नसतो.

हे सारे तपासायला नैतिकता समिती असते. नियमानुसार तिच्यात किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे. एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूस हवाच. बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाचा अर्थ आपल्याला शिकवला. मग ही सामान्य माणसाची खुर्ची कोणाला मिळते? ज्यांची शरीरे यंत्रात जातात, त्यांच्या वस्तीतले किती जण त्या खुर्चीवर बसले आहेत? मराठवाड्यातील प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला हा प्रश्न माहितीच्या अधिकारात लेखी विचारता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात.