नकाशावरील अंतर व वाटेवरील अंतर

आमच्या विद्यार्थ्यांनी रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन उत्तरेकडील दापोली व गुहागर या दोन गावांवर पट्टी ठेवून पाहावी. गुहागर दापोलीच्या जवळजवळ थेट दक्षिणेस आहे व सरळ रेषेने अंतर सुमारे ३० किलोमीटर भरते. कावळ्यास तेवढे पुरे. मनुष्यास मात्र सडकेने खेड, खेडहून चिपळूण व तेथून गुहागर असा सुमारे १०० किलोमीटरांचा वळसा पडतो. कारण मध्ये वाशिष्ठीची खाडी आडवी पसरली आहे.

२००३ साली दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि हे अंतर जवळजवळ निम्म्यावर आले. जमीन हलली नाही, खाडीही आटली नाही. मग कमी झाले ते काय? आमच्या मते अंतर हे जितके भूमीचे, तितकेच साधनांचे असते. एके काळी ही खाडी अडसर नव्हती, तोच राजमार्ग होता. बहामनी व आदिलशाही अमदानीत दाभोळ हे नामांकित बंदर होते. गलबते तेथे लागत, माल खाडीने वर चढे व घाटमाथ्याकडे जाई. पुढे रहदारी सडकेवर गेली, आणि जे गाव कोकणचे पुढले दार होते ते परसदारी जाऊन पडले.

हा केवळ भूगोलाच्या तासाचा विषय असता तर आम्ही पालकांचा वेळ घेतला नसता. शिक्षण हक्काच्या कायद्याखाली आपल्या राज्याने २०११ साली जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीच्या मुलास १ किलोमीटरच्या व सहावी ते आठवीच्या मुलास ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे. २०२३ साली कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचा विचारही पुढे आला. अशा वेळी किलोमीटर कोणता धरावयाचा, कावळ्याचा की मुलाचा? वाडीपासून शाळा पट्टीने हाकेवर दिसते. पण मध्ये पऱ्या असतो, आणि आषाढात साकव पाण्याखाली गेला की सात वर्षांच्या पोराने डोंगराला वळसा घालून यावे लागते.

कोणी म्हणेल, प्रत्येक पायवाट मोजीत बसण्यास अधिकाऱ्यांस सवड कोठची? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हणूनच हे काम वाडीतल्या माणसांनी करावे असे आम्हांस वाटते. पालकांनी, विशेषतः ज्यांची धाकटी मुले गावच्या शाळेत जातात त्यांनी, घरापासून शाळेपर्यंतची वाट मुलाबरोबर एकदा चैत्रात व एकदा आषाढात चालावी. लागलेला वेळ, वाटेतले पऱ्ये व साकव लिहून काढावे. आणि तो कागद शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. आमचे वरच्या वर्गातील विद्यार्थी आकृती काढून देण्यास उपयोगी पडतील. त्यांना प्रमाण धरून नकाशा काढता येतो. नसेल येत तर आम्ही शिकवू.