पणजोबांचा कागद सरकारच्या कपाटात, मग शोधायचं ओझं विद्यार्थ्यावर का?

राजूर (जि. यवतमाळ) : राखीव जागेवर इंजिनीअरिंग किंवा मेडिकलला प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्यासाठी वडिलांचे, आजोबांचे आणि मिळाले तर पणजोबांचे कागद शोधावे लागतात. वणी तालुक्यातल्या राजूरसारख्या कोळसा खाणीच्या गावात हा शोध आणखी अवघड होतो.

किती जुना कागद लागतो?

प्रत्येक प्रवर्गाची तारीख ठरलेली आहे. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखेआधी कुटुंब महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत राहत होतं, हे दाखवावं लागतं. कागद जितका जुना तितकं त्याचं वजन जास्त. अनुसूचित जमातीच्या दाव्यात चालीरीती आणि देवदैवतांवरून घेतलेली परीक्षा ही अंतिम कसोटी नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्यामुळे कागदाचं महत्त्व आणखी वाढतं.

आपल्या भागात तो सापडतो कुठे?

- कोतवाल बुक : जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातली गावनिहाय जन्म-मृत्यूची नोंद. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते.
- दाखल-खारीज रजिस्टर : आजोबा जिथे पहिलीत बसले त्या शाळेत.
- 1954-55 चा अधिकार अभिलेख आणि खासरा : घरात शेती असेल तर.

यात खाचाखोचाही आहेत. कोतवाल बुकात अनेकदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं. मग भावंडांचा क्रम लावून नोंद कुणाची ते ठरवावं लागतं. आडनाव गाळलेलं असतं, नाही तर वेगळं लिहिलेलं असतं. 1905 पूर्वीच्या कागदात ‘यवतमाळ जिल्हा’ शोधू नका. तेव्हा जिल्ह्याचं नाव वणी होतं.

खाणीच्या गावाची अडचण

शेती असलेल्याचं नाव महसुली दप्तरात येतं. मजुराचं नाव येईलच असं नाही. कामासाठी येऊन इथेच स्थिरावलेल्या कुटुंबाचा कागद तर मूळ गावात असतो. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर आहे. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद, म्हणजे निजामाचं जुनं राज्य, जिथलं दप्तर उर्दूत. ठरलेल्या तारखेनंतर परराज्यातून आलेल्या कुटुंबाला सवलत मूळ राज्यातच मिळते. एका कागदासाठी दोन-तीन तालुके पालथे घालायचे, तर रोजंदारीवरच्या माणसाचे किती दिवस बुडतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मेक्सिकोत काय होतं?

तिथली कुटुंबंही स्पेनमधले पूर्वज शोधतात. 1859 मध्ये तिथे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तकं. त्यात आईवडिलांसोबत मूल ‘स्पॅनिश’, ‘इंडियन’ की ‘मेस्तिसो’ हेही लिहिलेलं असे. म्हणजे एका अर्थाने तिथेही जात नोंदवली जायची. यातल्या लाखो पानांचं मायक्रोफिल्मिंग झालं. आज ‘फॅमिलीसर्च’वर नाव टाकून घरबसल्या त्यांतल्या कितीतरी नोंदी शोधता येतात, तेही मोफत. तिथे बहुतेकांसाठी हा हौसेचा विषय आहे. आपल्याकडे यावर पोरांचं शिक्षण अवलंबून आहे, तरी नावाने शोधायची सोय नाही.

आमचं म्हणणं

2001 च्या कायद्यातलं कलम 8 सांगतं की, दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. खोटे दाखले रोखायला नियम कडक असावेत, यात वाद नाही. पण पुरावाच सरकारच्या ताब्यात असेल, तर तो निदान शोधता तरी यायला हवा.

हे अशक्य नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसीलची कपाटं उघडली, मोडी वाचणारे बोलावले गेले, लाखो नोंदी सापडल्या आणि जिल्ह्यांच्या वेबसाइटवर पानं चढली. एका मागणीसाठी यंत्रणा हलू शकते, तर कोलाम, गोंड, भटके-विमुक्त आणि इतर सगळ्यांसाठीही हलायला हवी.

स्कॅन करून काम संपत नाही. नावांची सूची नसलेलं स्कॅन म्हणजे मोबाइलवर दिसणारं तेच बंद कपाट. गाव, वर्ष, बापाचं नाव आणि जात अशी सूची केली, तर आठवड्यांचं काम मिनिटांवर येईल. जातीची माहिती उघड्यावर नको, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर ओटीपीने लॉगिन आणि फक्त आपल्या कुटुंबाची नक्कल, असा मार्ग काढता येतो.

तोवर काय करावं?

निकालाची वाट पाहू नका, अकरावीतच सुरुवात करा. घरातल्या म्हाताऱ्यांना पूर्वीचं गाव, शाळा आणि भावंडांची नावं विचारून लिहून ठेवा. काका किंवा चुलतभावाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते आधी मिळवा, कारण वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं प्रमाणपत्र मोठा आधार ठरतं. नक्कल मिळत नसेल तर लेखी उत्तर मागा. नोंद नाही असं सांगितलं, तर तेही लेखी घ्या.