विश्लेषण : वसई-विरारमध्ये ‘शिट्टी’ का वाजली नाही?

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात पाणी आले नाही किंवा गटार तुंबले की लोक पालिकेच्या कार्यालयाआधी बहुजन विकास आघाडीच्या (बविआ) कार्यकर्त्याला गाठतात. ही सवय तीन दशकांची आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र या पक्षाच्या वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही जागा गेल्या. निकालानंतर महिनाभर हे घडले कसे याची चर्चा लोकलच्या डब्यात सुरूच होती.

पक्ष उभा कसा राहिला?

हितेंद्र ठाकूर १९९० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर वसईतून आमदार झाले. पुढे काँग्रेस सुटली, मतदारसंघ सुटला नाही. मुंबईत घर न परवडणारी माणसे विरार-नालासोपाऱ्यात येत होती. त्यांना हवे होते पाणी, रस्ता, शाळेत प्रवेश आणि दाखल्यावर सही. ते मिळवून देणारी यंत्रणा म्हणजेच पक्ष, अशी ही बांधणी होती. २००९ हे भरतीचे वर्ष ठरले. पालघरमधून बळीराम जाधव खासदार झाले, नालासोपाऱ्यातून क्षितिज ठाकूर व बोईसरमधून विलास तरे आमदार झाले. चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महापालिकाही त्याच वर्षी झाली. २०१५ मध्ये तिच्या ११५ पैकी १०६ जागा बविआने जिंकल्या. विरोधी पक्ष नावालाच उरला.

तीन आमदारांची किंमत

मंत्रालयात या तीन मतांना संख्येपेक्षा जास्त भाव होता. २०१९ मध्ये ती महाविकास आघाडीच्या बाजूने पडली, २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारच्या. त्याच वर्षी राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांवेळी सगळ्या पक्षांचे नेते विरारच्या वाऱ्या करत होते. याला संधिसाधूपणा म्हणता येईल. पण पाणी योजनेची फाइल हलवायची तर छोट्या पक्षाकडे दुसरे काय असते?

जपानमधले उदाहरण याच्या उलट आहे. तिथे २०१४ मध्ये ‘जिसेदाई नो तो’ (पुढच्या पिढ्यांचा पक्ष) हा कडवा उजवा पक्ष निघाला. त्याच डिसेंबरमध्ये तो १९ खासदारांवरून दोनवर आला आणि २०१८ मध्ये सत्ताधारी पक्षात विरून गेला. त्याच्याकडे विचारसरणी होती, गल्ली नव्हती. बविआकडे गल्ली होती. तरीही ती हरली.

गल्ली निसटली कुठे?

महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर अनेक वर्षे नगरसेवकच नव्हते. ज्या सहीवर पक्ष उभा होता ती सही अधिकाऱ्याकडे गेली. आमच्या मते हाच सर्वात मोठा घाव आहे.

दुसरे कारण पक्षाच्या कारभारातले आहे. शहर वाढले ते बेकायदा बांधकामांसकट. नालासोपाऱ्यातील अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. तिथे आयुष्यभराची बचत घातलेली कुटुंबे रस्त्यावर आली. इमारती उठत असताना सत्ता कोणाची होती, हे त्यांना कुणी सांगायला नको.

शिवाय नव्या मतदाराला टँकरचे दिवस आठवत नाहीत. त्याचे मत राज्य आणि देश पाहून पडते. मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, बविआ कार्यकर्त्यांनी विरारच्या हॉटेलात भाजपचे विनोद तावडे यांना घेरले आणि पैसेवाटपाचा आरोप केला. तावडे यांनी तो फेटाळला. देशभर गाजलेल्या या प्रकारानेही निकाल फिरला नाही.

वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांना तीन हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरवले. तिथे काँग्रेसनेही मोठी मते घेतली. २००९ मध्ये त्यांचे वडील विवेक पंडित यांनीच ही जागा बविआकडून घेतली होती. नालासोपाऱ्यात मात्र अंतर ३६ हजारांवर गेले. बोईसरमध्ये जिंकले ते विलास तरेच, आता शिंदे यांच्या शिवसेनेकडून.

पुढे काय?

२०२४ च्या अखेरीस महापालिका निवडणूक बाकी होती. तिथे लढत प्रभागातली असणार होती आणि बविआचे जुने नगरसेवक घराघरांत ओळखीचे होते. भाजपकडे आमदार होते, पण प्रत्येक पाड्यात रात्री फोन उचलणारा माणूस तेव्हा नव्हता. तोपर्यंत मनवेलपाड्याच्या नळाची तक्रार प्रशासकाच्या टेबलावर होती.