आराखडा कपाटात, मजूर भट्टीपाशी

वीजकेंद्रात दुर्घटना घडली की ठराविक सोपस्कार पार पडतात. मंत्री घटनास्थळी धावतात, सानुग्रह साहाय्य जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि पुढच्या दुर्घटनेपर्यंत सारे विस्मरणात जाते.

उत्तर प्रदेशातील ऊंचाहार येथे 1 नोव्हेंबर 2017 रोजी 500 मेगावॅटच्या सहाव्या संचात जे घडले, त्याला दैवी आपत्ती म्हणता येणार नाही. भट्टीच्या तळाशी राख साचून घट्ट झाली होती आणि संच चालू ठेवूनच ती काढली जात होती. आतला दाब वाढला व तप्त वायू आणि राखेचा लोट बाहेर काम करणाऱ्यांवर कोसळला. 40 हून अधिक जीव गेले. त्यांत कंत्राटी मजुरांचा भरणा मोठा होता. गंभीर भाजलेल्यांना उपचारांसाठी लखनौ, दिल्लीपर्यंत न्यावे लागले. संच वेळीच बंद केला असता, तर बुडाली असती ती केवळ काही दिवसांची वीज!

तेलंगणातील श्रीशैलमच्या भूमिगत जलविद्युत केंद्रात 20 ऑगस्ट 2020 च्या रात्री आग लागली. धुराने सारे भुयार कोंदले आणि आत अडकलेले 9 जण दगावले; त्यांत अभियंतेही होते. कोयनेची मुख्य वीजगृहेही भूगर्भातच आहेत, याचे स्मरण महाराष्ट्राने ठेवावे.

भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. आपत्कालीन आराखडा, कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आणि निकटचा धोका दिसताच इशारा देण्याचा कामगारांचा हक्क ही तत्त्वे धोकादायक उद्योगांसाठी मान्य झाली. त्या उद्योगांच्या यादीत वीजनिर्मितीही होती. परंतु उद्याचे काम ज्याला कंत्राटदाराच्या मर्जीने मिळते, त्याने इशारा द्यायचा कोणाच्या बळावर?

धोका पत्करतो मजूर आणि संच थांबवायचा की नाही हे ठरवतो व्यवस्थापक. ही विषमता कायम असेतोवर प्रत्येक आराखडा कपाटाची शोभाच ठरेल. म्हणून कोराडीपासून परळीपर्यंतच्या कामगार संघटनांनी कायम व कंत्राटी कामगारांसाठी एकत्र कवायती, केंद्राजवळ भाजलेल्यांवरील उपचारांची सोय, चौकशी अहवालांचे मराठीतून प्रकाशन आणि धोक्याचे काम थांबवण्याचा निर्विवाद अधिकार यांसाठी आग्रह धरला पाहिजे. मागणीपत्रकात वेतनवाढीच्या आधी या मागण्यांना स्थान हवे. वाढलेले वेतन घरी न्यायला कामगार जिवंत परतला पाहिजे!