टाकीत उरलेले पेट्रोल आणि छोट्या इंजिनांचा विसर

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून २०२५ च्या पावसाळ्यात देशात जो वाद उसळला, तो जवळजवळ सगळा मोटारी आणि दुचाकींच्या 'ॲव्हरेज'भोवती फिरला. गाडी किलोमीटरमागे किती पेट्रोल जास्त पिते, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या टिकतील काय, विमा कंपनी भरपाई नाकारील काय, हे प्रश्न दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय पंपांवर उपलब्ध असावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली आणि चर्चेचा धुरळा हळूहळू खाली बसला. या साऱ्या गदारोळात एका मोठ्या वर्गाचा उल्लेख क्वचितच झाला. तो वर्ग म्हणजे वर्षातील थोडेच दिवस चालणारी आणि उरलेले महिने कोपऱ्यात उभी राहणारी छोटी इंजिने.

कोकणातील बागायतदाराचा ग्रास कटर पावसाळा सरता सरता महिना-दीड महिना राबतो आणि मग पुढच्या वर्षापर्यंत खुंटीला लागतो. आंब्याच्या मोहोरावर फवारणी करणारा एचटीपी पंप हिवाळ्यात चालतो आणि फळे उतरल्यावर पडवीत जातो. द्राक्षबागेतील पॉवर वीडर, दुकानदाराचा हाताने उचलण्याजोगा जनरेटर, बांधकामावरचा काँक्रीट व्हायब्रेटर यांचीही कथा तीच. शहरी वाचकाने हा प्रश्न शेतकऱ्यांचा म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. शनिवार-रविवारपुरत्या वापरल्या जाणाऱ्या फार्महाऊसवरील यंत्रे किंवा मुलगा परदेशी गेल्यामुळे सोसायटीच्या वाहनतळावर धूळ खात पडलेली जुनी स्कूटर याच गटात मोडतात. चालत्या गाडीच्या टाकीत पेट्रोल आठवड्यापेक्षा जास्त काळ टिकत नाही. या यंत्रांत ते महिनोन् महिने पडून राहते, आणि पडून राहिलेले पेट्रोल हा वेगळाच पदार्थ होतो.

नेमके काय बिघडते?

पेट्रोल नासते ते दोन प्रकारे. त्यातील सर्वांत हलके, चटकन बाष्प होणारे घटक प्रथम उडून जातात. इंजिन थंड असताना पहिला झटका याच घटकांवर पेट घेतो. ते गेले की दोरी ओढून ओढून हात दुखतो, पण यंत्र सुरू होत नाही. दुसरा प्रकार हवेतील प्राणवायूशी संयोग होण्याचा. त्यातून डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे सुईच्या अग्राएवढ्या छिद्रात जाऊन बसतो. मेकॅनिक 'कचरा आला' म्हणतो तो बहुतेकदा बाहेरून आलेला कचरा नसून आत वाळलेले पेट्रोलच असते. अमेरिकेतील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही छोट्या इंजिनांची जुनी उत्पादक कंपनी तीस दिवसांहून अधिक काळ ठेवलेले इंधन शिळे समजावे, असे ग्राहकांना सांगत आली आहे.

इथेनॉलमुळे यात तिसरी भर पडते. शुद्ध पेट्रोल आणि पाणी यांचे सख्य नाही. पाणी पडले तर ते तळाशी वेगळे दिसते. इथेनॉल मात्र पाण्याला जवळ करते. दहा टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये साधारण १५ अंश सेल्सिअस तापमानाला आकारमानाने सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकते. म्हणजे लिटरमागे जेमतेम चहाचा एक चमचा. ती मर्यादा ओलांडली, किंवा तापमान घसरल्यामुळे मर्यादाच खाली आली, की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि तळाला जाऊन बसतात. इंधनाची नळी तळातूनच निघत असल्याने इंजिनाच्या वाट्याला प्रथम येते ते हेच पाणीमिश्रित अल्कोहोल. वरच्या थरातील पेट्रोलचे ऑक्टेन मूल्यही त्यामुळे उतरते. ग्रास कटरसारख्या टू-स्ट्रोक यंत्रात तर पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरातच राहते आणि खालचा थर वंगणाविना आत जातो. असे यंत्र सुरू न झालेले बरे, कारण सुरू झाले तर पिस्टन घासला जाण्याची भीती.

तथापि, या मुद्द्यावर जी अतिशयोक्ती चालते तिचीही दखल घ्यायला हवी. वीस टक्के मिश्रण पाण्याला अधिक ओढते हे खरे. पण ते दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा अधिक पाणी विरघळवून धरूही शकते. त्यामुळे थर वेगळे होण्यास अधिक पाणी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात केवळ हवेतून तेवढे पाणी शिरण्याची क्रिया अतिशय मंद असते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बाटलीतील प्रयोगांत पाणी वरून ओतलेले असते, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. धोका खरा आहे तो सैल झाकणाचा, फाटक्या वॉशरचा, पागोळ्यांखाली ठेवलेल्या डब्याचा आणि अर्धवट भरलेल्या टाकीचा. अशा टाकीच्या रिकाम्या भागातील दमट हवा रात्री निवते आणि पत्र्यावर दव धरते. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात या चारही गोष्टी एकाच घरात सापडतात.

छोट्या इंजिनांची आणखी एक अडचण साठवणुकीशी थेट संबंधित नाही, पण सांगितली पाहिजे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. आधुनिक मोटारीतील संगणक संवेदकांच्या आधारे हे प्रमाण क्षणोक्षणी जुळवून घेतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर दुचाकींतही इंधन इंजेक्शन पद्धत आली. फवारणी पंपाच्या कार्बोरेटरला मात्र अशी बुद्धी नाही. त्याचे छिद्र कारखान्यात ठरले ते ठरले. इथेनॉल वाढले की त्याला मिळणारे मिश्रण ढोबळ मानाने सात-आठ टक्क्यांनी 'हलके' होते, यंत्र अधिक तापते आणि जोर कमी पडल्याची तक्रार येते.

अमेरिकेने काय केले?

हा प्रश्न अमेरिका आणि कॅनडा यांना नवा नाही. मिशिगन, मिनेसोटा, ओंटारिओ या थंड मुलखांत गवत कापण्याचे यंत्र ऑक्टोबरअखेर बंद होते आणि एप्रिलमध्ये बाहेर निघते. त्याच्या जागी बर्फ उडविणारे यंत्र येते आणि उन्हाळ्यात तेही असेच पडून राहते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच गॅरेजमधील या शिरस्त्याची ओळख होते. टाकी रिकामी करावी की काठोकाठ भरून ठेवावी, यावर तेथे दोन पंथ आहेत. रिकामी केली तर डिंक धरण्यास काही उरत नाही, पण कार्बोरेटरमधील गॅस्केटे सुकतात. काठोकाठ भरली तर हवेला आणि दवाला जागा उरत नाही, पण त्यात इंधन टिकविणारे रसायन, ज्याला तेथे स्टॅबिलायझर म्हणतात, ते ताज्या पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. शिळे झालेले पेट्रोल त्याने ताजे होत नाही. थंडीचा एक फायदा मात्र त्यांना आपोआप मिळतो. कमी तापमानात पेट्रोलची प्राणवायूशी होणारी प्रक्रिया मंदावते. आपल्याकडे यंत्र पडून राहते ते विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली. तेथील पुस्तिकेतील मुदती येथे जशाच्या तशा धरता येणार नाहीत.

खरा धडा मात्र घरगुती उपायांपेक्षा धोरणाचा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० आणि २०११ मध्ये पंधरा टक्के मिश्रणाला परवानगी दिली ती केवळ २००१ व त्यानंतरच्या मोटारी आणि हलक्या वाहनांसाठी. मोटारसायकली, नौका आणि बागकामाची यंत्रे त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आली आणि पंपावर तसा इशारा चिकटविणे बंधनकारक झाले. छोट्या यंत्रांसाठी दहा टक्के ही वरची सीमा राहिली.

त्याहून उद्बोधक उदाहरण मिनेसोटाचे आहे. हे मक्याचे राज्य. तेथील शेतकऱ्याचे हित इथेनॉलमध्ये गुंतलेले, आणि म्हणूनच १९९७ पासून राज्यभरातील पेट्रोलमध्ये मिश्रणाची सक्ती करण्यात हे राज्य अग्रेसर राहिले. त्याच राज्याच्या कायद्यात छोटी इंजिने, नौका, मोटारसायकली, स्नोमोबाईल आणि संग्राह्य जुन्या गाड्या यांच्यासाठी इथेनॉलविरहित प्रीमियम पेट्रोल विकण्याची मुभा आहे. इथेनॉलच्या धोरणावर ज्यांचे पोट आहे त्यांनीच हा अपवाद ठेवला आणि त्यामुळे तेथील इथेनॉल उद्योग बुडाला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्राची कोंडी

आपल्याकडील चित्र निराळे आहे. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्क्यांनी सुरू झालेला मिश्रणाचा कार्यक्रम दीड दशक रखडत चालला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी २०३० चे साल ठरविले. पुढे ते पाच वर्षे अलीकडे ओढले गेले. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सर्वत्र तेच एक साधे पेट्रोल झाले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात एप्रिल २०२३ पासून वीस टक्क्यांना टिकणारे सुटे भाग आणि एप्रिल २०२५ पासून त्यासाठीच जुळविलेली इंजिने असा वाहनांसाठीचा क्रम मांडलेला होता. पडवीतल्या पंपाला असे वेळापत्रक लाभले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने केलेला खुलासाही वाहनांपुरताच होता: दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी जुळविलेल्या चारचाकींत एक ते दोन टक्के, इतरांत तीन ते सहा टक्के घट.

साखर पट्ट्याचे हितसंबंध यात किती खोल गेले आहेत, हे राज्यातील वाचकाला सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले तेव्हा कारखानदारीत उडालेली धांदल आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठल्यावर सोडलेला सुस्कारा अजून विस्मृतीत गेलेला नाही. त्यामुळे इथेनॉलविषयी शंका काढणारा तो ऊस उत्पादकाचा वैरी, असा सरळ हिशेब येथे मांडला जातो. पण ज्याच्या शिवारातून ऊस कारखान्याला जातो, त्याच्याच गोठ्याशेजारी फवारणीचा पंप उभा असतो. करपा किंवा भुरी दिसल्यावर फवारणीला दोन दिवस उशीर म्हणजे काय, हे द्राक्ष आणि आंबा बागायतदार जाणतो. तालुक्याच्या गावी मेकॅनिककडे यंत्र नेऊन कार्बोरेटर साफ करून आणेपर्यंत ते दोन दिवस गेलेले असतात.

पर्याय म्हणावा तर सरकारी तेल कंपन्यांचे १०० ऑक्टेनचे विशेष पेट्रोल आहे. त्यात इथेनॉल नसते, असे सांगितले जाते. मात्र त्याची किंमत साध्या पेट्रोलच्या सुमारे दीडपट आणि विक्री मोठ्या शहरांतील मोजक्या पंपांवर. देवगड किंवा निफाडच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

साठवणुकीच्या बाबतीत कायदा आणि व्यवहार यांतही मोठे अंतर आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंतचे पेट्रोल बाळगण्यास परवाना लागत नाही. मात्र ते घट्ट बुचाच्या काच, चिनी माती किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते. काच वा चिनी मातीचे भांडे एक लिटरपर्यंत आणि धातूचे पंचवीस लिटरपर्यंत. या यादीत प्लास्टिक नाही. प्रत्यक्षात गावोगाव पेट्रोल जाते ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून आणि खाद्यतेलाच्या कॅनमधून. पंपचालक कधी बाटलीत देण्यास नकार देतो, कधी ओळखीवर देतो. यंत्र असलेल्या शेतकऱ्याने पेट्रोल कशात न्यावे, याचे उत्तर पंपावर मिळत नाही आणि शिक्का असलेला धातूचा डबा तालुक्याच्या बाजारात सहजी मिळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत किंवा फ्रिजच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. घरातील माळा किंवा जिन्याखालची अडगळ ही पेट्रोल ठेवण्याची जागा नव्हे.

धोरण बदलेपर्यंत यंत्रमालकाच्या हाती थोडेच आहे, पण ते खर्चिक नाही. हंगाम संपला की टाकीतील पेट्रोल काढून दुचाकीत वापरावे; त्यात टू-स्ट्रोकचे ऑइल मिसळलेले असेल तर फोर-स्ट्रोक दुचाकीत मात्र घालू नये. त्यानंतर कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवावे, आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत. ऑइल मिसळलेले पेट्रोल त्या दिवसाच्या कामापुरतेच तयार करावे. जनरेटरसारखे यंत्र अचानक लागणार असेल, तर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे चालवून टाकीत ताजे पेट्रोल येत राहील असे पाहावे. कृषी विभाग अनुदानावर यंत्रे देतो तेव्हा त्यासोबत मराठीत एवढा एक कागद देणे अवघड नाही. कोणते यंत्र वीस टक्क्यांना टिकते आणि कोणते नाही, हे उत्पादकांनी यंत्रावरच छापावे, असा आदेश काढण्यास तर साखर कारखान्यांची ना हरकत घेण्याचीही गरज नाही.