कमला खानचं मरण, स्पायडर-मॅनच्या अंकात

जर्सी सिटीतली पाकिस्तानी-अमेरिकन कमला खान २०१४ मध्ये 'मिस मार्वल' म्हणून स्वतःच्या कॉमिक मालिकेत आली. आईवडिलांशी हुज्जत घालणारी, मशिदीत शेखसाहेबांना प्रश्न विचारणारी ही मुलगी वाचकांनी आपली मानली. २०२३ मध्ये मार्वलने तिला मारलं, तेही स्पायडर-मॅनच्या अंकात! दोन महिन्यांत ती परतली, तर म्हणे ती आधीपासून 'म्यूटंट'ही होती. नऊ वर्षांच्या कॉमिक्समध्ये याचा मागमूस नव्हता. २०२२ च्या टीव्ही मालिकेत मात्र तशी सूचना होती. म्हणजे पडद्यासाठी पान बदललं, असंच दिसतं. चाहते चिडले, त्यांना पोरकट कसं म्हणायचं? मुस्लिम नायिका मिरवायला हवी असेल, तर निदान तिचं मरण तरी तिच्याच गोष्टीतून यायला हवं होतं.